एकावन्न मोदकांचं प्रकरण

गेल्या भाद्रपदात आमच्या इमारतीत घडलेली गोष्ट. दोन्ही बाजूंना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. मी ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सात मजल्यांत काही वाजलं की ‘बाईंना विचारा’ होतंच. बहुतेकांना निवाडा नको असतो, आपली बाजू ऐकून घेणारं माणूस हवं असतं. या वेळी मात्र निवाडा मागायला आलेल्या माणसाला मी घाईने चुकीचं उत्तर दिलं, म्हणून हे सविस्तर.

घडलं ते

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं वय 68. घरात मुलगा, सून, नात. दीड दिवसाचा गणपती. स्वयंपाकाला 11 वर्षं एकच मावशी, कळव्याच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणाऱ्या, मूळच्या गुहागरकडच्या. त्यांच्या हातचे उकडीचे मोदक म्हणजे इमारतीचा मान. चतुर्थीला चार घरांचं काम त्यांच्याकडे असतं. काकूंकडचे 51. मोदकामागे 30 रुपये मजुरी, सामान घरचं. म्हणजे 1,530 रुपये. शिवाय आदल्या महिन्याचा 4,500 पगार गणपतीच्या खरेदीत द्यायचा राहून गेला होता.

चतुर्थीच्या सहा दिवस आधी गावी मावशींचे चुलत दीर गेले. भावकीतलं मरण, दहा दिवसांचं सुतक. नवरा एकटा गावी जाऊन आला. मावशींच्या घरी त्या वर्षी गणपती आणला नाही. ही गोष्ट त्यांनी कामाच्या एकाही घरी सांगितली नाही.

आदल्या संध्याकाळी काकूंच्या सुनेने जाता जाता विचारलं, “मावशी, उद्या काही अडचण नाही ना?”

“नाही हो, या वयात आता कसली अडचण!”

‘अडचण’ या शब्दाचा अर्थ मराठी घरात कुणी समजावून सांगत नाही. सुनेने विचारलं ते पाळीबद्दल, मावशींनी उत्तर दिलं तेही पाळीबद्दल. अक्षर अन् अक्षर खरं. वर्गात असते तर या एका वाक्यावर मी तास काढला असता.

चतुर्थीला पहाटे साडेचारला मावशी आल्या, येतानाच डोक्यावरून आंघोळ करून. ओटा धुतला, उकड काढली, तेलपाण्याचा हात लावून मळली, हळदीच्या पानांवर मोदक वाफवले. नेहमी ताट त्या स्वतः मखरापर्यंत नेतात आणि वाकून नमस्कार करतात. या वेळी 51 मोदकांचं ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, तुम्हीच न्या. गुडघा धरलाय.” सुनेला हे नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. काकू ती आईकडून आलेल्या रीतीने पाळतात. कळत-नकळत झालेल्या विटाळाचा दोष जावा म्हणून बायकांनी करायचं हे व्रत, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातला दाणा चालत नाही. परसात, कुंपणावर, हाताने लावलेलं चालतं. अळू, माठ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस अशी ती ऋषीची भाजी. काकू अळूचे देठ सोलत बसल्या होत्या तेव्हा पाचव्या मजल्यावर भांडी घासणारी आली आणि बोलता बोलता म्हणाली, मावशींकडे यंदा गणपती नाही ना, दीर गेला.

काकूंनी हातातलं टाकून गुरुजींना फोन लावला. पंधरा-वीस मिनिटांत उपाय ठरला: संध्याकाळच्या उत्तरपूजेआधी अथर्वशीर्षाची 21 आवर्तनं, आणि क्षमाप्रार्थना तर पूजेत असतेच, ‘आवाहनं न जानामि’ म्हणतो ती. आवर्तनं झाली, उत्तरपूजा झाली, मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी कामाला आल्या तेव्हा काकू दारातच उभ्या. “आमचा गणपती बाटवलास. त्याचं पाप तुला लागेल. उद्यापासून येऊ नकोस.” मावशींनी पैशांचं विचारलं. “कसले पैसे?” म्हणून दार लागलं. 6,030 रुपये आतच राहिले. दुपारपर्यंत इमारतीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप गटावर काकूंचा दीड मिनिटाचा आवाजी निरोप गेला. चारपैकी दोन घरांनी मावशींना बंद केलं.

माझी चूक

रविवारी काकूंचा मुलगा माझ्याकडे आला. ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, देवधर्म मानत नाही, आईसाठी सोवळं नेसून पूजेला बसतो. म्हणाला, “बाई, सुतकबितक सगळी अंधश्रद्धा. कुणाचं काही बिघडलेलं नाही. मोदक तेच, चव तीच. मावशींचं काही चुकलेलंच नाही. आईला तेवढं सांगा.”

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. चहा झाला, तो गेला. रात्री मला झोप येईना, कारण या युक्तिवादातली फट मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आले होते. ‘पाप नाही, म्हणून चूक नाही.’ पण पाप आणि चूक एकच असतील तरच हे टिकतं. आणि नेमकं तेच काकूंचंही गृहीतक: ‘पाप केलंस, म्हणून शिक्षा.’ आस्तिक आई आणि नास्तिक मुलगा दोघांनी एकच वजनकाटा वापरला. आईने पारड्यात शेरभर टाकलं, मुलाने काहीच टाकलं नाही.

मला फट दिसली ती दुसऱ्या मजल्यावरच्या जैन कुटुंबामुळे. चतुर्थीलाच त्यांची संवत्सरी होती, सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. समजा, मी त्यांना भाजी नेऊन दिली, त्यात कांदा-लसूण आहे हे मला माहीत आहे, आणि ते मी सांगितलं नाही. त्यांना अपाय काहीच नाही. मी जैन नाही, मला कांद्याचं पाप लागत नाही. तरी मी त्यांचं वाईट केलं की नाही? केलं. काय खायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं. कांद्यात दोष आहे की नाही या वादाचा निकाल लागायची इथे गरजच नाही.

मावशींनी काकूंचं हेच केलं. सुतकाचं मला काही वाटत नाही. काकूंना वाटतं, आणि ते त्यांना किती वाटतं हे 11 वर्षं त्या स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला पुरेपूर ठाऊक होतं.

लागतं आणि होतो

भाषेकडे बघा. पाप ‘लागतं’. चिखल लागतो, विटाळ लागतो, तसं. ते करणाऱ्याच्या अंगाला चिकटतं, धुता येतं, फेडता येतं, त्याचा घडाही भरतो. वाक्य पुरं व्हायला दुसऱ्या माणसाची गरज नाही. अन्याय मात्र ‘होतो’, आणि तो कुणावर तरी होतो. ‘माझ्या हातून अन्याय झाला’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणावर? पापाच्या वाक्यात माझं पुढे काय होणार याची काळजी. अन्यायाच्या वाक्यात समोरच्याचं काय झालं याची चौकशी.

म्हणून पापासाठी प्रायश्चित्त आणि अन्यायासाठी भरपाई, इतकं सोपं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. आपल्या धर्मशास्त्राच्या पातकांच्या यादीत ही दोन खाती वेगळी मांडलेली नाहीत. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक, प्रायश्चित्त आणि अशौच, म्हणजे सुतक, हे विषय एकापाठोपाठ येतात, आणि वाचताना सारखं जाणवतं की खून, व्यसन, चोरी आणि विटाळ ही सगळी एकाच गोणीतली. मनुस्मृतीतल्या पाच महापातकांत ब्रह्महत्या आहे, तसं सुरापानही आहे. उपपातकांची, म्हणजे दुय्यम पापांची, यादी तर भारीच. त्यात पैसे घेऊन शिकवणं आहे, म्हणजे मी पेन्शनसकट पातकी. मोठी यंत्रं चालवणं आहे, म्हणजे आमची कारखान्यांची अख्खी वागळे इस्टेट. सरपणासाठी ओलं झाड तोडणं आहे. आणि त्याच यादीत, थोड्याच अंतरावर, घेतलेलं ऋण न फेडणंही आहे.

कुणाला इजा नाही तरी गहजब, याचा आपल्याकडचा गाजलेला दाखला म्हणजे पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण. 1890 साली मिशनच्या कार्यक्रमात चहा-बिस्किटं पुढे आली, टिळक-रानडे हजर, आणि त्यातून ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. रानड्यांसारख्या माणसाने 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. पेलाभर चहासाठी. अन्याय कुणावर झाला होता? कुणावरच नाही. पण प्रायश्चित्ताने रानड्यांच्या मित्र-आप्तांची कोंडी फुटली, लग्नकार्यांचा, येण्याजाण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे त्या प्रायश्चित्ताचाही उपयोग माणसांमाणसांतलाच होता. माझी सरळ रेष इथे जरा वाकडी होते, होऊ दे.

गुरुजींचं दुसरं वाक्य

मी गुरुजींना फोन केला. मला त्यांच्याकडून फक्त तपशील पडताळायचा होता. ते म्हणाले, “काकूंना मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आवर्तनं करा, मनाला बरं वाटेल, ही एक. दुसरी म्हणजे कारूला त्याच्या कामापुरतं सुतक नसतं.”

कारू म्हणजे कारागीर. आपल्या बलुतेदारीतले कारू-नारू, त्यातला. ‘नित्यं शुद्धः कारुहस्तः’, कारागिराचा हात नेहमी शुद्ध, असं मनुस्मृतीच सांगते. शिल्पी, वैद्य, न्हावी, दास-दासी आणि राजा यांना आपापल्या कामापुरतं अशौच धरू नये, ते लगेच शुद्ध, असं पराशरस्मृतीत येतं. कारण उघड आहे: वैद्य दहा दिवस घरी बसला तर रोगी मरेल, राजा बसला तर राज्य. न्हावी आणि दासी यांना सूट त्यांच्या सोयीसाठी दिली असेल असं मला वाटत नाही, मालकांच्या सोयीसाठी दिली असेल. पण सूट आहे. मोदक वळून मजुरी घेणारी बाई त्यात बसते की नाही यावर शास्त्री वाद घालतील. आमच्या गुरुजींच्या मते बसते.

हे दुसरं वाक्य काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, सुटलं प्रकरण. मग लक्षात आलं की आत्ताच खरी कसोटी आहे. सुतक गेलं. दोष शून्य. आता मागे काय उरतं? उरतं ते सगळंच. मावशींनी 11 वर्षांच्या ओळखीत एक गोष्ट जाणूनबुजून झाकली, ते उरतं. काकूंनी केलेल्या कामाचे 6,030 रुपये दाबून ठेवले, ते उरतं. दीड मिनिटाच्या निरोपाने एका बाईची दोन घरं गेली, तेही उरतं. ज्याच्यावरून सगळा कालवा झाला तेवढंच नेमकं हिशेबातून गळून पडलं.

आणि ही तिन्ही एका वजनाची नाहीत. या बाबतीत मी मध्यस्थाचं तोंड करून बसणार नाही. लपवणं चूक, पण त्यामागे चार घरांची मजुरी होती आणि खरं सांगितलं तर चारही जाणार हे माहीत होतं. पगार अडवण्यामागे कसलीच गरज नव्हती. त्यात तो आदल्या महिन्याचा, दीर जिवंत असतानाच्या पोळ्यांचा. त्या पोळ्या कुठल्या शास्त्राने बाटल्या? बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून अळूचे देठ सोलणारी बाई महिनाभराच्या पोळ्या खाऊन बसली होती, आणि ते तिला टोचत नव्हतं, कारण त्यासाठी पंचांगात दिवस नाही.

तलावपाळीवर

मावशींना माझ्या घरी यायचं नव्हतं, लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून. मग तलावपाळीवर भेटलो. मासुंदा तलावाच्या कडेला बाकावर बसून त्यांनी आधी शेंगदाण्याची पुडी सोडली, माझ्या हातावर दाणे ओतले आणि मग बोलल्या.

“देवाला मी सांगितलं होतं, बाई. कोपिनेश्वराला जाऊन बाहेरूनच सांगितलं. आत गेले नाही. मखराजवळ गेले नाही, ताट नेलं नाही. जेवढं पाळता येईल तेवढं पाळलं. सुतकाचं मला टोचत नाही.”

“मग काय टोचतं?”

“ताईंनी विचारलं तेव्हा मला कळलं होतं, त्या काय विचारतायत. आणि मी त्यातूनच वाट काढली. त्या हसल्या, मी पण हसले. ते टोचतं.”

माझ्या वर्गातल्या किती मुलांना हा फरक इतक्या कमी शब्दांत सांगता आला असता, कोण जाणे.

काकूंकडे गेले तेव्हा मी युक्तिवाद घरी ठेवून गेले होते. त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. आवर्तनं झाल्यावर देवाचं मनातून गेलं होतं. “पण माझं घरातलं सगळं तिला माहीत. ह्यांच्या शेवटच्या आजारात पेज तिने भरवली. आणि मला नाही सांगितलं? मी काय तिला हाकलून दिलं असतं?”

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “दिलंही असतं म्हणा. त्या दिवसापुरतं.”

म्हणजे दोघींनाही दुखत होतं ते एकच, आणि ते बोलायला दोघींकडे शब्द होता सुतकाचा. बाटलेल्या गणपतीवर ओरडता येतं. ‘मला सांगितलं नाहीस’ यावर इतक्या मोठ्याने ओरडायची आपल्याकडे रीत नाही, मालकीण आणि कामवाली यांच्यात तर नाहीच.

पैसे

पगाराचं मात्र काकू ऐकेनात. ती शिक्षा होती आणि ती योग्य होती, बस. सून तयार होती, मुलगा तर त्याच दिवशी गुगल पे करायला निघाला होता. मीच थांबवलं. मुलाने परस्पर दिले असते तर मावशींचे पैसे मिळाले असते, पण काकूंनी देणं लागतो हे कबूल केलं नसतं.

मला उपपातकांच्या यादीतलं ते ऋण आठवत होतं. ‘काकू, मजुरी हे ऋणच की, न फेडाल तर पातक’, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी घाबरून पैसे काढून दिले असते, याची मला खात्री होती. दोन दिवस ते वाक्य जिभेवर घेऊन फिरले. नाही वापरलं. ज्या काट्यावर माझा विश्वास नाही तो माझ्या सोयीचा दिसतो म्हणून हातात घेणं म्हणजे मीही ‘अडचण नाही’च म्हटल्यासारखं. मावशींना महिन्याचं भाडं भरायचं होतं आणि मी इथे तत्त्व सांभाळत होते, हेही तितकंच खरं. मी माझ्याकडून 2,000 उसने दिले आणि तत्त्व सांभाळलं. यात फार शहाणपण होतं असा माझा दावा नाही.

काकूंना हलवलं ते त्यांच्या जुन्या सहकारी शिक्षिकेने. त्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्याच्याच. 1879 सालचं इथलं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर, त्यांच्या पणजोबांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं असं सांगतात. मराठी आपल्यासारखीच, किंबहुना आपल्यापेक्षा जुन्या वळणाची. योम किप्पूर जवळ आला होता; त्यांच्या लोकांत त्याला दारफळणीचा सण म्हणायची पद्धत. दिवसभर कडकडीत उपास आणि वर्षभराच्या पापांची क्षमा. काकूंनी त्यांना सगळी हकीकत सांगितली, बहुधा सहानुभूतीच्या अपेक्षेने. त्या म्हणाल्या, “आमच्यात तो उपास देवाच्या बाजूचं सगळं धुतो. माणसाच्या बाजूचं नाही धुत. त्या माणसाकडे आधी जाऊन यावं लागतं, त्याचं समाधान करावं लागतं, मग देवाकडे.” हा नियम त्यांच्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथात सुमारे 1,800 वर्षांपूर्वीपासून लिहिलेला आहे. मुसलमानांतही अल्लाचा हक्क आणि बंद्यांचा हक्क असा भेद करतात आणि बंद्याचं देणं बंद्यानेच माफ करायचं असतं. आमच्या गटावर संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चे, म्हणजे क्षमा मागणारे, डझनभर निरोप येतात, काकूंचाही उलट आलेला होता, हात जोडलेल्या चित्रासकट. मावशी त्या गटात नाहीत.

काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. आठवड्याने, नवरात्राच्या आधी, त्यांनी मला विचारलं, “तुमच्या घरी बोलवाल का तिला?”

बोलावलं. मावशी आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. आधी त्याच बोलल्या, “मी सांगायला हवं होतं. सुतकाचं नाही म्हणत, सांगायचं म्हणते.” काकूंनी मान हलवली आणि पर्समधून पाकीट काढलं. लग्नात आहेराला देतो तसलं, कोपऱ्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. मावशींनी तिथेच उघडून मोजलं. 6,030 होते. वरचं नाणं त्यांनी नखाने सोडवलं आणि टीपॉयवर ठेवलं.

“हे राहू दे काकू. माझा हिशेब एवढाच होता.”

काकूंचा चेहरा लाल झाला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा दोघी गुहागरच्या रस्त्याबद्दल बोलत होत्या आणि नाणं तिथेच होतं.

रोजच्या पोळ्यांना मावशी परत आल्या नाहीत. पाचपाखाडीला त्यांना नवीन घर मिळालं. गटावर त्या रात्री काकूंनी लिहिलं, ‘मावशींचा आणि आमचा हिशेब पूर्ण झाला आहे.’ पाचव्या मजल्यावरचीने दुसऱ्या दिवशी जिन्यात मला विचारलं, म्हणजे कायमचंच काढलं ना तिला?